वाटांवरून भूमी ओळखणारा गणिती

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव महाराष्ट्राला इतिहासकार म्हणून परिचित आहे. परंतु त्यांचा व्यवसाय गणिताचा होता, याचा आपणास विसर पडत चालला आहे. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मलेल्या, पाली पंडित धर्मानंदांच्या या पुत्राने १९२९ साली हार्वर्डची पदवी संपादन केली. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तेथे गणित शिकवीत राहिले.

त्यांचा प्रश्न एका दृष्टान्ताने सांगता येईल. राजापेठेतून निघणाऱ्या वाटा कशा वळतात एवढेच एखाद्यास ठाऊक असेल, तर त्यावरून त्याला भोवतालच्या भूमीचे चढउतार ओळखता येतील काय? कोसंबींनी हा प्रश्न कितीही मिती असलेल्या अवकाशाविषयी विचारला. अंतर मोजण्याची कोणतीही रीत आधी गृहीत न धरता, केवळ मार्गांच्या समीकरणांतून अवकाशाची वक्रता शोधण्याची दिशा त्यांनी दाखविली. १९३३ साली हा निबंध एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा थोर फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तान यांनी त्याच खंडात त्यावर टिपण लिहिले. १९३९ मध्ये चिनी गणिती चर्न यांनी तो विचार पुढे नेला. हा सिद्धान्त आज या तिघांच्या नावाने ओळखला जातो.

१९४५ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा त्यांनी धरलेला आग्रह तेथे रुचणारा नव्हता. शिवाय रीमानच्या गृहीतकाविषयीचा त्यांचा दावाही टिकला नाही. १९६२ साली त्यांची नेमणूक संपुष्टात आली. २९ जून १९६६ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच संस्थेत नरसिंहन व शेषाद्री यांनी १९६५ साली सिद्ध केलेले भूमितीचे एक प्रमेय, डोनाल्डसन यांनी १९८३ मध्ये पदार्थविज्ञानातील यांग-मिल्स समीकरणांच्या साह्याने नव्याने सिद्ध केले. 'इन्स्टंटॉन' ही त्याच समीकरणांची विशेष उत्तरे होत. शुद्ध भूमितीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना याहून निराळे उत्तर देण्याची गरज नाही.

कोसंबींच्या गणिताची बारा वर्षे एका महाविद्यालयाच्या वर्गात गेली, ही गोष्ट वऱ्हाडातील शिक्षणसंस्थांनी ध्यानी घ्यावयास हवी. अध्यापकाला ग्रंथ, नियतकालिके आणि निवांत वेळ देणे हा खर्च नसून गुंतवणूक आहे. मात्र तिचा परतावा त्याच वर्षीच्या ताळेबंदात शोधू नये.