शब्दांचा हिशेब ठेवणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत आणि गुजरातीत शिक्षा म्हणजे दंड. अक्षरं तीच, उच्चार तोच, अर्थ मात्र एकाच्या हातात पाटी देतो आणि दुसऱ्याच्या हातावर छडी! कोयलीसारख्या गावात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १९६५ साली इथली रिफायनरी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं कामाला आली. गुजराती, मराठी, हिंदी शेजारीशेजारी नांदू लागल्या आणि त्यांच्यावर इंग्रजीचं छप्पर आलं. पण भाषांची ही सरमिसळ बडोद्याला नवी नव्हती. तिचा नीट विचार केलेला एक राजा या मुलखात होऊन गेला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. विद्यापीठावर आहे, बागेवर आहे. त्याच्या आयुष्याची भाषेची बाजू मात्र कमी सांगितली जाते.

सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळराव. घर गायकवाडांच्याच कुळातलं, पण शेतकऱ्याचं. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केलं. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि कुळातल्या मुलांमधून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. तोवर त्याचा शाळेशी म्हणण्यासारखा संबंध आला नव्हता.

आता विचार करा. ज्या वयात आपण सहावी-सातवीत असतो, त्या वयात या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करायची होती, आणि तीही एका भाषेची नाही. मराठी घरची, गुजराती प्रजेची, उर्दू दरबारी रीतीची आणि इंग्रजी साहेबाची. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक म्हणून आले. दिवाण टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. सहा वर्षं ही शिकवणी चालली आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रं त्यांच्या हाती आली. चार भाषांचा अभ्यास एकदम सुरू केलेल्या माणसाला एक गोष्ट आयुष्यभर पुरते : एका भाषेतला शब्द दुसरीत जसाच्या तसा बसत नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

हातात सत्ता आल्यावर त्यांनी सगळ्यात मोठा डाव लावला तो शिक्षणावर. १८९३ मध्ये अमरेली महालात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला, मुलींनासुद्धा. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होई. म्हणजे हिंदीतली शिक्षा आणि मराठीतली शिक्षा एकाच कायद्यात आल्या म्हणा ना! गरिबाच्या घरी हा दंड जड जात असणार, हे मान्य करायला हवं. शेतात राबणारे दोन हात शाळेत गेले की घरात कमाई घटते. तरीही ज्या काळात ब्रिटिश मुलखात असा कायदा नव्हता, त्या काळात बडोद्यातल्या खेड्यातली पोर पाटी घेऊन बसली, ही साधी गोष्ट नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी त्यांनी शाळा आणि वसतिगृहं काढली. पुढे १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली तीही याच राजाने.

शिकलेल्या माणसाला वाचायला काही हवं, म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्यांच्या हयातीत मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ असं तीनदा बडोद्यात भरलं.

इथे एक प्रश्न उभा राहतो. राजा मराठी, त्याचे बरेच सरदार-कामदार मराठी, आणि प्रजा बहुतेक गुजराती. मग कारभार कुठल्या भाषेत चालवायचा? सयाजीरावांनी मराठीवर प्रेम ठेवून कारभारात गुजरातीला मान दिला. कायदा ज्याला पाळायचा आहे त्याला तो कळला पाहिजे, एवढा सरळ हिशेब त्यामागे दिसतो.

पण हिशेब सरळ असला तरी काम सोपं नव्हतं. आधुनिक कारभाराच्या कल्पना इंग्रजीतून येत होत्या, आणि इंग्रजीत एकमेकांजवळचे शब्द फार. 'ॲक्ट', 'रूल', 'ऑर्डर', 'सर्क्युलर' या सगळ्यांना गावचा माणूस हुकूमच म्हणणार. पण ॲक्ट म्हणजे कायदा, रूल म्हणजे त्याखालचा नियम, ऑर्डर म्हणजे एखाद्या प्रकरणापुरता आदेश आणि सर्क्युलर म्हणजे कचेऱ्यांना फिरवलेलं परिपत्रक. यांतला फरक पुसला तर कारकुनाचा कागदही कायद्याइतका मोठा होऊन बसतो. 'जज' आणि 'मॅजिस्ट्रेट' यांचंही तसंच. सयाजीरावांनी न्यायाचं काम मुलकी अंमलदारांच्या कामापासून वेगळं केलं होतं. दोन कामं वेगळी, तर त्यांची नावंही वेगळी हवीत. शिवाय शेजारच्या मुंबई इलाख्यात ज्याला मामलतदार म्हणत, त्याला बडोद्यात वहिवाटदार म्हणत. सीमेपलीकडून आलेला माणूस इथेच अडखळे.

या गोंधळावरचा त्यांचा उपाय म्हणजे 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'. महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला हा राज्यव्यवहाराचा कोश १९३१ मध्ये बडोद्यात प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्द आणि त्याच्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द, म्हणजे एकूण आठ भाषा. असा कोश करताना हिंदीतली 'शिक्षा' मराठीच्या रकान्यात चुकून घालून चालत नाही. प्रत्येक शब्दाला त्याच्या त्याच्या घरी जाऊन विचारावं लागतं, की बाबा रे, तुझा इथे अर्थ काय?

खरं सांगायचं तर अशा कोशांतले सगळे शब्द लोकांच्या तोंडी बसत नाहीत. संस्कृतावरून घडवलेला शब्द कागदावर शोभतो आणि चहाच्या टपरीवर माणूस 'सर्क्युलर आलंय' असंच म्हणतो. म्हणून कोश वाया जात नाही. लोकांनी बोलताना कुठलाही शब्द वापरावा, पण सही करताना कागदावरच्या शब्दाचा नेमका अर्थ कुठेतरी लिहिलेला सापडावा, हे त्याचं काम.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये बडोदे गुजरातेत आलं. राज्य गेलं, पण शब्दांचा प्रश्न तसाच राहिला.

आज हिंदीतून इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींचे अडथळे पाहा. हिंदीत घराचंही किराया आणि बसचंही किराया, म्हणून 'रेंट' आणि 'फेअर' यांची अदलाबदल होते. आपल्याकडेही दोन्ही भाडंच. उधार घेणं आणि उधार देणं यांत हिंदीला एकच 'उधार' पुरतो, इंग्रजीत मात्र घेणाऱ्याचं 'बॉरो' आणि देणाऱ्याचं 'लेंड'. बँकेच्या अर्जावर ही अदलाबदल झाली तर कर्जदाराचा सावकार होतो! 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला आणि 'ॲडव्हाइज' म्हणजे सल्ला देणं. फरक शेवटच्या एका ध्वनीचा. कॉलेजचे 'प्रिन्सिपल' आणि तत्त्व या अर्थाचं 'प्रिन्सिपल' तर देवनागरीत सारखेच दिसतात. तिथे वाक्याचा संदर्भ आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही पाहावं लागतं. या चुका होतात त्या बुद्धी कमी म्हणून नव्हे. आपली भाषा जिथे एक खण ठेवते तिथे इंग्रजी दोन ठेवते, एवढंच. हे एकदा ध्यानात आलं की पाठांतर निम्मं कमी होतं.

कवळाण्याच्या त्या मुलाने बाराव्या वर्षी पहिली अक्षरं गिरवली आणि अडुसष्टाव्या वर्षी आठ भाषांचा कोश आपल्या प्रजेच्या हाती दिला. मधली सगळी वर्षं तो राज्य करत होता आणि शिकतही होता. इंग्रजीचा एखादा शब्द अडला की लाज वाटून गप्प बसणाऱ्या आपल्या वर्गातल्या कुणालाही ही गोष्ट जरूर सांगावी.