पत्ता छापणारा माणूस

ग्रंथालयातल्या इंग्रजी विज्ञानकादंबऱ्या चाळताना एखाद्या मुखपृष्ठावर ह्यूगो पारितोषिकाचा उल्लेख आढळतो आणि पुष्कळांना तो फ्रेंच कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो आठवतो. या पारितोषिकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हा ह्यूगो निराळा. तो मोठा लेखक नव्हता. खरे सांगायचे तर बरा लेखकही नव्हता. तो होता एक खटपट्या व्यापारी, हौशी संशोधक आणि मासिके काढण्याचे व्यसन जडलेला गृहस्थ. लेखकांचे मानधन बुडवणारा म्हणूनही त्याची कीर्ती होती. तरीही विज्ञानकथेच्या वाचकांनी आपल्या सर्वांत मानाच्या पारितोषिकाला त्याचेच नाव दिले. हे असे का झाले असावे, या कुतूहलापोटी मी त्याच्या चरित्राच्या मागे लागलो.

ह्यूगो गर्न्सबॅकचा जन्म १६ ऑगस्ट १८८४ रोजी लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव गर्न्सबाखर. वडील दारूचे घाऊक व्यापारी. लहानपणी या मुलाच्या हाती पर्सिव्हल लॉवेल या खगोलशास्त्रज्ञाचे मंगळावरचे पुस्तक पडले. मंगळावर कालवे आहेत, ते खोदणारे कोणीतरी तेथे राहत असले पाहिजे, असे लॉवेलचे म्हणणे. पोराने याचा इतका धसका घेतला की त्याला ताप भरला आणि तापात तो मंगळाविषयी बरळत राहिला, अशी हकिकत सांगतात. तिच्यात मीठमसाला किती हे कोणी सांगावे! पण पुढचे आयुष्य पाहता तो ताप पुरता कधी उतरलाच नाही, असे वाटते.

१९०४ साली, विशीत असताना, स्वतः तयार केलेल्या बॅटरीचा आराखडा घेऊन तो अमेरिकेला गेला. बॅटरीने नशीब उघडले नाही. मग न्यूयॉर्कमध्ये त्याने युरोपातून विजेची उपकरणे मागवून विकण्याचे दुकान थाटले आणि १९०५-०६ च्या सुमारास टेलिम्को नावाचा बिनतारी संदेशाचा संच बाजारात आणला. घरी बसून कोणीही हौशी माणूस वापरू शकेल असा हा संच अवघ्या काही डॉलरांत मिळे. इतक्या स्वस्तात असले यंत्र मिळणे शक्य नाही, ही फसवणूकच असली पाहिजे, अशी तक्रार झाली आणि चौकशीला पोलीस दुकानात आला. गर्न्सबॅकने त्याच्यासमोर यंत्र चालवून दाखवले, तरी त्याचा संशय म्हणे गेला नाही.

मालाबरोबर मालाची माहिती हवी, म्हणून १९०८ मध्ये त्याने मॉडर्न इलेक्ट्रिक्स हे मासिक काढले. पुढच्याच वर्षी बिनतारी संदेशाच्या हौशी मंडळींची एक संघटना उभी केली. ही युक्ती त्याला फार लवकर सापडली होती. गिऱ्हाईक एकटे असले की कंटाळते. त्याला त्याच्यासारखी दुसरी दहा गिऱ्हाइके भेटवून द्या, ते टिकते. यात व्यापार होता हे उघड आहे. पण निव्वळ व्यापार होता असे मला वाटत नाही. परक्या देशात एकट्याने आलेल्या तरुणाला सोबतीची किंमत कळलेली असणार.

याच मासिकात १९११-१२ मध्ये त्याची स्वतःची राल्फ १२४सी ४१+ ही कादंबरी बारा हप्त्यांत आली. सत्ताविसाव्या शतकातील न्यूयॉर्कची ही कथा. परावर्तित लहरींवरून दूरच्या वस्तूचा माग काढण्याची जी कल्पना तिच्यात आहे ती रडारच्या पुष्कळ जवळ जाते, म्हणून आजही तिचा गौरव होतो. कादंबरी म्हणून मात्र ती सोसणे कठीण! पात्रे बोलत नाहीत, यंत्रांची माहितीपत्रके वाचून दाखवतात.

पुढे मासिकांमागून मासिके निघाली. त्यांपैकी इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटरमध्ये १९१९ साली निकोला टेस्लाचे आत्मवृत्त क्रमशः प्रसिद्ध झाले. १९२५ मध्ये त्याने स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. १९२८ मध्ये त्याच केंद्रावरून चित्रेही प्रक्षेपित करून पाहिली. ती टपाल तिकिटाएवढ्या पडद्यावर दिसत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२६. त्या वर्षीच्या एप्रिलचा अंक म्हणून अमेझिंग स्टोरीज हे मासिक विक्रीला आले. किंमत पंचवीस सेंट. फ्रँक पॉल या चित्रकाराचे भडक रंगांतले मुखपृष्ठ, जाड कागद, आत व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या जुन्या कथा. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे इंग्रजीतले पहिले मासिक. तोपर्यंत असल्या कथा इतर मासिकांच्या गर्दीत विखुरलेल्या असत. आवडणाऱ्याने त्या शोधत हिंडावे. आता दर महिन्याला नवे काय आले ते एका ठिकाणी मिळू लागले. या प्रकाराला त्याने सायंटिफिक्शन असे जोडनाव दिले होते. ते जिभेवर बसेना. तीन वर्षांनी सायन्स फिक्शन हा शब्द त्यानेच आपल्या नव्या मासिकातून रूढ केला.

पण माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व जानेवारी १९२७ पासून सुरू झालेल्या एका सदरात आहे. हे सदर वाचकांच्या पत्रांचे. वाचकांची पत्रे छापणे यात नवल ते काय? आपल्याकडेही छापतात, खाली नाव आणि गाव. गर्न्सबॅकच्या मासिकात मात्र घरक्रमांक आणि रस्त्यासह पूर्ण पत्ता छापला जाई. झाले! क्लीव्हलंडमधल्या मुलाला कळले की आपल्यासारखा वेडा न्यूयॉर्कमध्येही आहे. संपादकाला वगळून वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. ज्यांची घरे जवळ होती ते भेटू लागले. कोणी चक्रमुद्रणावर स्वतःची चिमुकली नियतकालिके काढली, नव्या अंकातल्या कथांची त्यांत निर्दयपणे चिरफाड केली. क्लीव्हलंडचा जेरी सीगल अशांपैकीच. त्याने आणि जो शुस्टरने निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ मध्ये जगापुढे आला.

१९२९ च्या फेब्रुवारीत गर्न्सबॅकच्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि अमेझिंग स्टोरीज त्याच्या हातून गेले. गडी खचला नाही. काही महिन्यांतच दुसरी कंपनी, नवी मासिके. १९३३ मध्ये तर त्याने सतरा वर्षांच्या एका वाचकाला, चार्ल्स हॉर्निगला, वंडर स्टोरीजच्या संपादकाच्या खुर्चीत बसवले. १९३४ मध्ये सायन्स फिक्शन लीग ही वाचकांची संघटना स्थापन झाली आणि गावोगावी तिच्या शाखा निघाल्या, त्या इंग्लंडपर्यंत पोहोचल्या. तेथील लीड्सच्या वाचकांनी ३ जानेवारी १९३७ रोजी एक मेळावा भरवला. विज्ञानकथेसाठी मुद्दाम योजलेले ते पहिले संमेलन मानतात. जेमतेम वीसएक माणसे जमली होती. त्यांत आर्थर क्लार्क नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण होता.

आता नाण्याची दुसरी बाजू. गर्न्सबॅक लेखकांना पैसे कमी देई, उशिरा देई आणि कित्येकदा देतच नसे. लव्हक्राफ्टची एक उत्कृष्ट दीर्घकथा त्याने १९२७ मध्ये छापली आणि तगादे लावून लावून अखेर पंचवीस डॉलर दिले. लव्हक्राफ्टने खाजगीत त्याला उंदराची उपमा दिली, ती कायमची चिकटली. डोनाल्ड वुलहाइम या तरुणाची पहिली कथा १९३४ च्या जानेवारीत वंडर स्टोरीजमध्ये आली. मानधन दहा डॉलर, तेही मिळेना. तेव्हा त्याने असेच नाडले गेलेले इतर लेखक शोधून काढले, सर्वांनी मिळून वकील केला आणि पंचाहत्तर डॉलरांवर तडजोड झाली. १९३५ मध्ये लीगने वुलहाइमला काढून टाकले. वाचकांना संघटित व्हायला शिकवणाऱ्याला त्यांचे संघटित होणे असे महागात पडले.

ध्येयवादी मासिके अशीच चालतात, असे समर्थन आपल्या साहित्यवर्तुळातही ऐकू येते. मला ते पटत नाही. छपाईवाला, कागदवाला यांची बिले ध्येयवादाने भागत नाहीत, मग लेखकाचेच तेवढे का भागावे?

१९३६ मध्ये वंडर स्टोरीज त्याला विकावे लागले. लीग त्याच्या हातून गेली, पण वाचकांच्या भेटीगाठी थांबल्या नाहीत. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे दोनशे लोक आले. रे ब्रॅडबरी मित्राकडून पैसे उसने घेऊन लॉस एंजेलिसहून बसने आला. तरुण आयझॅक ॲसिमॉव्ह होता. प्रमुख पाहुणा फ्रँक पॉल. आणि वुलहाइमसह सहा जणांना चालकांनी दारातूनच परत पाठवले! भांडणे या मेळाव्यांच्या पाचवीला पुजलेली आहेत. २०२३ साली चीनमधील चेंग्दू येथे भरलेल्या संमेलनात काही पुस्तके कारण न देता पारितोषिकाच्या स्पर्धेतून बाद केली गेली, तेव्हाही गदारोळ झालाच.

१९५२ मध्ये शिकागोच्या संमेलनाने गर्न्सबॅकला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावले. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाला पहिली पारितोषिके दिली गेली. अग्निबाणाच्या आकाराचे ते मानचिन्ह. कादंबरीचे पारितोषिक आल्फ्रेड बेस्टरच्या द डिमॉलिश्ड मॅनला मिळाले. निवड संमेलनाचे सभासद मतदानाने करतात, विद्वानांची समिती नव्हे. या पारितोषिकाला वाचक आडनावाने नव्हे, पहिल्या नावाने ओळखू लागले. एवढी सलगी घरातल्या माणसाशीच केली जाते, मग तो घरातला माणूस कितीही उधारीबहाद्दर असो. पत्राखाली पत्ता नसता तर यांतली निम्मी माणसे एकमेकांना भेटलीच नसती, हे त्यांना ठाऊक होते. मला तरी त्या नावाचा हाच अर्थ लागतो.

त्याच १९५३ मध्ये म्हाताऱ्याने पुन्हा एक विज्ञानकथेचे मासिक काढून पाहिले. सात अंकांत ते आटोपले. १९६० मध्ये त्याला स्वतःला खास ह्यूगो देण्यात आला. १९ ऑगस्ट १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. देह त्याच्या इच्छेप्रमाणे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. वुलहाइमने १९७१ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि पुढे वर्षानुवर्षे दरमहा नव्या विज्ञानकादंबऱ्या बाजारात आणल्या.