भ्यालेल्या पैशाचा वैद्य

१९३१ सालचा जानेवारी महिना. इंग्लंडात थंडीचा कडाका होता आणि मंदीचा कडाका त्याहून मोठा होता. बेकारांचा आकडा २५ लाखांच्या पुढे गेला होता. ज्यांच्या नोकऱ्या शाबूत होत्या त्यांनाही रात्री झोप नव्हती. आज शेजाऱ्याची गेली, उद्या आपली जाईल, या धास्तीने जो तो खर्चाला कात्री लावीत होता. अशा वेळी बीबीसीच्या रेडिओवरून केंब्रिजचे एक अर्थशास्त्रज्ञ बोलले. काटकसरीचा उपदेश ऐकून ऐकून कंटाळलेल्या गृहिणींना त्यांनी नेमका उलटा सल्ला दिला. उद्या सकाळी लवकर उठून बाजारात जा, असे त्यांनी सांगितले. सेल लागले आहेत, भाव उतरले आहेत, तेव्हा चादरी, ब्लँकेटे, घरात लागणारे कापड भरून ठेवा. तुमचा फायदा होईलच, शिवाय लँकेशायर, यॉर्कशायर आणि बेलफास्टमध्ये कुणाच्या तरी हाताला काम मिळेल. घरात पाच शिलिंग शिल्लक टाकले, की कुठेतरी एका माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, असा त्यांचा हिशेब होता.

हे गृहस्थ म्हणजे जॉन मेनार्ड केन्स.

थेंबे थेंबे तळे साचे आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत, या दोन म्हणींवर ज्यांचे लहानपण पोसले गेले, त्या पिढीतला मी. माझी आई महिन्याच्या खर्चातून उरलेली चिल्लर तांदळाच्या डब्यात लपवून ठेवी आणि अडीनडीला तोच डबा घराला तारी. त्यामुळे केन्स यांचा हा सल्ला मी प्रथम वाचला तेव्हा मला तो जवळजवळ अधर्म वाटला. डबा भरणारी बाई देशाचे नुकसान करते, हे पटायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी केन्स यांच्या आयुष्यापर्यंत पोहोचलो.

त्यांचा जन्म ५ जून १८८३ चा, केंब्रिजमधला. वडील नेव्हिल केन्स विद्यापीठात तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवीत. आई फ्लोरेन्स समाजकार्यात बुडालेली. पुढे ती केंब्रिजची महापौरही झाली. मुलगा हुशार. ईटनची शिष्यवृत्ती, मग किंग्ज कॉलेजात गणित. १९०६ मध्ये सरकारी सेवेच्या परीक्षेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. गंमत अशी, की अर्थशास्त्राच्या पेपरात त्यांना गुण कमी पडले होते! नेमणूक झाली लंडनच्या इंडिया ऑफिसात, आणि तिथले त्यांचे पहिले मोठे काम होते एअरशायर जातीचे दहा तरुण वळू बोटीने मुंबईला रवाना करण्याचे. हिंदुस्थानात ते कधी आले नाहीत, पण हिंदी चलनव्यवस्थेवर त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यातल्या चलनविषयक विचारांचा कडक समाचार घेतला.

पहिल्या महायुद्धात केन्स ब्रिटिश अर्थखात्यात होते. १९१९ च्या पॅरिस परिषदेत जर्मनीवर लादलेली खंडणी त्यांना असह्य झाली. त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी एक पुस्तक लिहून साऱ्या युरोपात खळबळ उडवून दिली. पुढच्याच वर्षी चलनांच्या सट्ट्यात ते साफ बुडाले. स्वतःचे पैसे गेले, घरच्यांचे आणि मित्रांचेही गेले. कर्ज काढून ते सावरले आणि देणे फेडले. १९२९ च्या घसरणीतही त्यांना जबर फटका बसला. तरीही मृत्यूसमयी त्यांच्यामागे जवळपास पाच लाख पौंडांची मालमत्ता होती. बाजाराची भीती या माणसाने ग्रंथांत वाचली नव्हती, ती त्याच्या खिशाला लागून गेली होती.

म्हणूनच की काय, बाजार हा थंड डोक्याने आकडेमोड करणाऱ्यांचा मेळा असतो, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. त्यासाठी ते वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेचा दाखला देत. १०० छायाचित्रांतून सर्वांत सुंदर सहा चेहरे निवडायचे आणि ज्याची निवड बहुमताशी जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत कोणी स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही, इतरांना कोणता आवडेल याचा अदमास घेतो; आणि इतरही तेच करीत असतात. भीतीचे तसेच आहे. बँक बुडणार अशी आवई उठली, की ती खोटी आहे हे ठाऊक असलेला माणूसही रांगेत उभा राहतो, कारण बाकीचे उभे राहणार हे त्याला कळते. मग धडधाकट बँकही खरोखरच बुडते. भीती खोटी असली तरी तिचा परिणाम खरा असतो.

खर्चाच्या बाबतीत हे चक्र अधिक सावकाश फिरते. एक घर नवे बूट घेणे पुढे ढकलते, त्यात गैर काही नाही. दहा लाख घरे तेच करतात तेव्हा बुटांचा कारखाना माणसे कमी करतो. ती माणसे पाव कमी घेतात, मग पाववाल्याचा नोकर घरी बसतो. शेवटी ज्याने सुरुवातीला बूट घेतले नाहीत त्याच्याही पगारावर गदा येते, आणि मग तोही शिल्लक टाकू शकत नाही! एकाने केलेली बचत हा गुण आहे; सगळ्यांनी भीतीपोटी एकाच वेळी केलेली बचत सगळ्यांना गरीब करते. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचे उत्पन्न, ही इतकी साधी गोष्ट त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांच्या हिशेबातून निसटली होती.

हे चक्र आपण मुंबईत पाहिलेले आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. त्या काळात माझे लालबाग-परळला जाणे-येणे असे. गिरणी कामगारांच्या घरापाठोपाठ चूल थंडावली ती त्यांच्यासाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांची. मग वाण्याची उधारीची वही फुगली, शिंप्याचे मशीन थांबले. यांच्यापैकी कोणीही संपावर नव्हते.

पण मग गृहिणींना बाजारात पाठवून मंदी हटली का? नाही हटली. मला केन्स यांच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोकरी जाण्याच्या भीतीने ज्याचे काळीज धडधडते आहे, त्याला रेडिओवरच्या भाषणाने धीर येत नाही. केन्स यांना हे कळत नव्हते असे नाही. त्याच भाषणात त्यांनी नगरपालिकांनी बांधकामे काढावीत असे सुचवले होते. दक्षिण लंडन पाडून नव्याने बांधायला काय हरकत आहे, इथवर त्यांची मजल गेली होती. सरकारने मात्र त्याच वर्षी बेकारभत्ता आणि पगार कापले. १९३३ च्या सुरुवातीला बेकार ३० लाखांच्या घरात गेले.

तिकडे आपल्या शेतकऱ्याला तर कुणी खर्च कर म्हणण्याचीही सोय नव्हती. शेतमालाचे भाव कोसळले होते आणि सारा व सावकार थांबायला तयार नव्हते. सप्टेंबर १९३१ नंतर खेड्यापाड्यांतले बायकांच्या अंगावरचे सोने मोडीत निघाले आणि मुंबई बंदरातून बोटी भरभरून विलायतेला गेले. ज्याच्या हाती उत्पन्नच नाही त्याने विश्वास ठेवायचा तो कशावर?

अमेरिकेत १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. सारे ठीक होईल, असे अध्यक्ष हूवर सांगत राहिले आणि लोक पैसे काढत राहिले. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अध्यक्ष झाले. त्यांनी लगेच साऱ्या बँका बंद ठेवल्या, तपासणी सुरू केली, पाठबळ देणारा कायदा केला, आणि १२ मार्चच्या रविवारी रेडिओवरून घरगुती भाषेत लोकांना सारे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक रांगा लावून पैसे परत भरत होते. शब्द दोघांनी दिला होता, पण रूझवेल्ट यांच्या शब्दामागे सरकारची तिजोरी उभी होती. पुढे ठेवींना विमाही मिळाला. आपल्याकडे ही सोय १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर, १९६२ पासून झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली.

फेब्रुवारी १९३६ मध्ये केन्स यांचा मुख्य ग्रंथ बाहेर आला. त्यात त्यांनी ही सारी विचारमालिका पूर्ण केली. घाबरलेले घर खर्च करणार नाही आणि घाबरलेला कारखानदार गुंतवणूक करणार नाही, कारण दोघेही आपापल्या जागी शहाणेच आहेत. मग सुरुवात कोणी करायची? ज्याला उद्याच्या पगाराची चिंता नाही त्याने, म्हणजे सरकारने. रस्ते, घरे, धरणे बांधावीत, लोकांच्या हाती मजुरी पडावी. मजुरी आली की भीती आपोआप कमी होते. आधी विश्वास आणि मग काम, हा क्रम त्यांनी उलटा केला.

पण या माणसाला उधळपट्टीचा पुरस्कर्ता ठरवणे अन्यायाचे होईल. महायुद्ध आले, कारखाने रात्रंदिवस धडधडू लागले, हाती पैसा आणि बाजारात माल कमी, अशी स्थिती झाली. तेव्हा १९४० मध्ये याच केन्स यांनी पुस्तिका लिहून लोकांना सक्तीने बचत करायला लावा, असे सांगितले. नऊ वर्षांपूर्वी गृहिणींना बाजारात धाडणारा माणूस आता त्यांना परत बोलावीत होता. वैद्य तोच, रोग बदलला होता. ताप आलेल्याला आणि अंग गार पडलेल्याला तो एकच काढा कसा देईल?

१९३७ पासून त्यांचे हृदय दुखावलेले होते. पत्नी लिडिया, रशियातली नामवंत नर्तिका, त्यांना डोळ्यांत तेल घालून जपत होती. तरीही १९४४ मध्ये ते ब्रेटन वूड्‌सला गेले. नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घालणाऱ्या त्या परिषदेत हिंदुस्थानच्या बाजूने आपले चिंतामणराव देशमुख होते. २१ एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, केन्स ससेक्समधल्या आपल्या घरी वारले. वय अवघे ६२. म्हातारे आईवडील मागे राहिले.

त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉर्ज कटोना यांनी ग्राहकांच्या मनाचा कल मोजायला सुरुवात केली. आज आपली रिझर्व्ह बँकही शहरांतल्या घरोघरी नोकरी, भाव आणि उत्पन्न यांविषयी विचारून ग्राहकांचा विश्वास मोजते. २००८ ची मंदी असो की २०२० ची टाळेबंदी, सरकारांना पुन्हा केन्स यांच्या दारात जावे लागले.

आईच्या डब्याचे काय? तिचे चुकत नव्हते, असेच मला केन्स वाचल्यानंतर वाटते. तिला भीती वाटावी अशी परिस्थिती खरी होती. मंदीच्या दिवसांत घरांनी जपून राहावे, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. प्रश्न इतकाच, की त्याच दिवसांत सरकारही तांदळाच्या डब्यात पैसे लपवू लागले, तर मग कामाच्या शोधात निघालेल्या माणसाने कुणाचे दार ठोठवायचे?