दोनदा खांब कोसळले, तरी मार्कोनीचा सिग्नल समुद्रापार गेला

ऑफिसच्या छताला लटकणारी ती पांढरी डबी, म्हणजे वायफायचा ॲक्सेस पॉइंट. ती बंद पडली की काय होतं, हे सगळ्यांना माहितीये. बिलिंग थांबतं, व्हिडिओ मिटिंगमधला माणूस स्क्रीनवर गोठतो आणि अख्खा मजला आयटीवाल्याला शोधायला लागतो.

म्हणून मोठ्या कंपन्या एकाच डबीवर भिस्त ठेवत नाहीत. एक पॉइंट गेला तर शेजारच्याची रेंज तिथवर पोचावी, अशा अंतरावर दुसरा बसवतात. पण खरी मेख पुढे आहे. दोन्हींच्या केबल एकाच स्विचमध्ये गेल्या असतील, तर स्विच बसला की दोन्ही एकदम गप्प! त्यामुळे शेजारशेजारचे पॉइंट वेगवेगळ्या स्विचवर आणि ते स्विच वेगवेगळ्या यूपीएसवर टाकावे लागतात.

हे दुखणं वायफायपेक्षा बरंच जुनं आहे. वायरलेसचा धंदा ज्याने उभा केला, त्या गुल्येल्मो मार्कोनीला ते १९०१ मध्येच भोगावं लागलं.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. बाप जमीनदार, आई आयर्लंडची. वयाच्या विशीत घराच्या माळ्यावर प्रयोग करून त्याने बिनतारी संदेश पाठवला आणि पुढे इंग्लंडला जाऊन कंपनी काढली. आता त्याला अटलांटिक महासागर ओलांडायचा होता.

त्यासाठी इंग्लंडच्या पोल्डू इथे २०० फूट उंचीचे २० खांब गोलाकार उभे केले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडलाही तसंच केंद्र बांधलं. घोळ असा की, खांब वरच्या टोकाला एकमेकांनाच तारांनी बांधलेले होते. एक गेला की बाकीचे त्याच्यामागे. सप्टेंबर १९०१ च्या वादळात पोल्डूचं रिंगण कोसळलं. नोव्हेंबरमध्ये केप कॉडचंही तेच झालं. केंद्रं दोन होती, पण दोन्हीकडे दुखणं एकच होतं.

मार्कोनी थांबला नाही. पोल्डूला दोन खांबांवर तारांचा पंखा टांगून कामचलाऊ अँटेना केली आणि तो स्वतः कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडला गेला. तिथे खांब उभारायचाच नाही, असं ठरवून त्याने सोबत फुगे आणि पतंग नेले होते, तेही एकापेक्षा जास्त. फुगा वाऱ्याने नेला, एक पतंगही गेला. १२ डिसेंबरला दुसऱ्या पतंगाने तार वर धरून ठेवली आणि इअरपीसमध्ये तीन टिंबं ऐकू आली, म्हणजे मोर्समधलं एस अक्षर.

पण ऐकणारे फक्त तो आणि त्याचा मदतनीस. अनेकांनी विश्वास ठेवला नाही, आणि शंका आजही घेतली जाते. मग फेब्रुवारी १९०२ मध्ये त्याने एका जहाजावर कागदी पट्टीवर ठिपके उमटवून घेतले. रात्री २००० मैलांहून जास्त अंतरावरून आलेले सिग्नल त्यात होते. १९०९ मध्ये कार्ल ब्राऊनसोबत त्याला नोबेल मिळालं.

मग आलं १९१२. टायटॅनिकवर मार्कोनी कंपनीचे दोन ऑपरेटर होते. मुख्य सेट आदल्या रात्री बिघडला, तो दोघांनी खपून दुरुस्त केला. जहाजावर बॅटरीवरचा राखीव सेटही होता. पाठवणारी बाजू भक्कम होती. तरी जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजापर्यंत हाक पोचली नाही, कारण तिथला एकुलता एक ऑपरेटर दिवसभराचं काम संपवून नुकताच झोपला होता. कार्पेथियाचा ऑपरेटरही झोपायच्या बेतात होता, पण त्याने ऐकलं. म्हणून ७०० हून अधिक लोक वाचले. सुमारे १५०० गेले.

त्याच वर्षी अमेरिकेने प्रवासी जहाजांसाठी कायदा कडक केला. मोठ्या जहाजांवर किमान दोन ऑपरेटर, अखंड पहारा आणि मुख्य विजेशिवाय चालणारी वेगळी वीज, असं बंधन आलं.

मार्कोनीचा महाराष्ट्राशीही संबंध आला. त्याच्या कंपनीने विकसित केलेली शॉर्टवेव्ह बीम सेवा १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारतादरम्यान सुरू झाली, आणि तिची केंद्रं होती पुण्याजवळच्या खडकीला आणि दौंडला. खडकीहून संदेश जायचे, दौंडला यायचे. स्वतःच्याच ट्रान्समीटरने रिसीव्हरचे कान बधिर होऊ नयेत म्हणून दोन्ही लांब ठेवलेले.

मुंबईहून १८७० पासून समुद्राखालची केबल होतीच. आता तिच्या जोडीला हवेतला रस्ता आला, आणि तोही स्वस्त. केबल कंपन्या इतक्या घाबरल्या की १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या केबल आणि वायरलेस सेवा एकाच कंपनीखाली आणाव्या लागल्या.

उतारवयात मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात होता. चरित्र सांगताना ही बाजू बरेचदा गाळली जाते, पण ती खरी आहे. २० जुलै १९३७ ला रोममध्ये तो वारला. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधली वायरलेस केंद्रं दोन मिनिटं बंद ठेवण्यात आली.