एअरींच्या डाव्या डोळ्याचा नंबर

मालेगावात यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात एक विशिष्ट दोष असेल, तर त्याला ताण्याचे उभे धागे स्वच्छ दिसतात आणि बाण्याचे आडवे धागे पुसट. किंवा नेमके उलट. तो डोळे बारीक करून पाहतो, मान तिरकी करतो, पाळी संपली की डोके धरून बसतो. चष्म्याच्या चिठ्ठीवर या दोषासाठी दोन रकाने असतात, सिलिंड्रिकल आणि ॲक्सिस. हा दोष मोजून त्या मापाचा चष्मा प्रथम घडवून घेणारा माणूस डॉक्टर नव्हता आणि चष्मेवालाही नव्हता. तो खगोलशास्त्रज्ञ होता, आणि दोष त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात होता.

जॉर्ज बिडेल एअरी यांचा जन्म २७ जुलै १८०१ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील ॲनिक या गावी झाला. वडील अबकारी खात्यात होते. ती नोकरी गेली आणि घरची ओढाताण सुरू झाली. इप्सविचजवळच्या प्लेफर्ड गावात शेती करणाऱ्या मामांनी भाच्याला आधार दिला. १८१९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात सवलतीच्या फीवर त्यांना प्रवेश मिळाला आणि १८२३ मध्ये ते गणिताच्या परीक्षेत पहिले आले.

एवढे वाचन केलेल्या या तरुणाच्या उशिरा लक्षात आले, की वाचताना आपला डावा डोळा काही कामच करत नाही. त्यांचे दोन्ही डोळे लघुदृष्टीचे होते. साध्या अंतर्गोल भिंगाने उजवा डोळा सुधारला, डावा मात्र सुधारेना. दूरचा दिवा किंवा तारा त्या डोळ्याला ठिपक्यासारखा न दिसता लांबट दिसे. एक डोळा चांगला असला की दुसऱ्याची उणीव माणसाला जाणवत नाही. मुलांच्या बाबतीत हे फार महागात पडते. लहान वयात अस्पष्ट राहिलेल्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा आळशी बनतो. मग मोठेपणी चष्मा देऊनही पूर्ण नजर येईलच असे नाही. म्हणून शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच मुलाचा एकेक डोळा झाकून नजर तपासून घ्यावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली तपासणी अशा वेळी फसवते.

एअरींनी आपल्या डोळ्याकडे दुर्बिणीकडे पाहावे तसे पाहिले. काळ्या कार्डाला बारीक भोक पाडले, मागून प्रकाश सोडला आणि मापाच्या पट्टीवर ते कार्ड डोळ्यापुढे मागे-पुढे सरकवले. सहा इंचांवर ते भोक एका तिरक्या, रेखीव रेघेसारखे दिसले. साडेतीन इंचांवर पुन्हा रेघ दिसली, पण पहिल्या रेघेला काटकोनात. ठिपका म्हणून ते कुठेच दिसेना. निदान यातच होते. निरोगी डोळ्याचे पारदर्शक बुबुळ साधारण चेंडूसारखे सर्व दिशांनी सारखे गोल असते. ते अंड्याच्या कुशीसारखे एका दिशेने जास्त वळलेले असेल, तर दोन दिशांचे किरण दोन वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र येतात. आजच्या हिशोबाने त्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर साडेचारच्या वर भरतो. हा काही किरकोळ नंबर नव्हे.

उपाय गणितातून निघाला. काचेची एक बाजू नेहमीसारखी खोलगट हवी आणि दुसरी पन्हळीसारखी, म्हणजे एकाच दिशेने वळलेली. अशी काच घासून द्यायला कारागीर मिळेना. अखेर इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराने ती बनवली. ती डोळ्यापुढे धरल्यावर निकामी ठरलेल्या डोळ्याला बारीक अक्षरे वाचता येऊ लागली. फेब्रुवारी १८२५ मध्ये एअरींनी हे सारे केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडले. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. थॉमस यंग यांनी हाच दोष स्वतःच्या डोळ्यात त्यापूर्वीच मोजला होता आणि ते मोजमाप एअरींच्या जन्मवर्षीच प्रसिद्ध झाले होते. पण यंग यांना त्याचा त्रास नव्हता, म्हणून त्यांनी काच घडवली नाही. दोषाला ॲस्टिग्मॅटिझम हे नाव पुढे एअरींचे ट्रिनिटीतले सहकारी विल्यम ह्यूवेल यांनी दिले. तरी डॉक्टरांना ही बराच काळ एखादी दुर्मीळ गंमत वाटत राहिली. हा दोष घरोघरी आढळतो हे ठसवले ते युट्रेख्टच्या फ्रान्स डोंडर्स यांनी, १८६० च्या दशकात.

१८३५ ते १८८१ अशी ४६ वर्षे एअरी इंग्लंडचे राजज्योतिषी होते. ग्रीनिचला त्यांनी बसवलेल्या दुर्बिणीतून जाणारी रेषाच १८८४ मध्ये जगाचे शून्य रेखावृत्त ठरली. आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते, ते याच हिशोबाने. भारतातल्या सर्वेक्षणात हिमालयाजवळच्या मापांत तफावत आली, तेव्हा पर्वतांचे बूड खाली खोलवर रुतलेले असते हा खुलासा त्यांनीच १८५५ मध्ये मांडला. माणूस मात्र काटेकोरपणाचा अतिरेक करणारा होता. बॅबेज यांचे गणनयंत्र त्यांनी निरुपयोगी ठरवले आणि तिथे त्यांचा अंदाज साफ चुकला.

डोळ्यांशी असलेले त्यांचे नाते मात्र तुटले नाही. अर्धशिशीच्या आधी नजरेपुढे येणाऱ्या नागमोडी चमकत्या रेघा त्यांना स्वतःला दिसत. १८६५ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८७० मध्ये त्यांचा डॉक्टर मुलगा ह्यूबर्ट याने त्या रेघांची तपशीलवार चित्रे काढली. डाव्या डोळ्याची मापेही एअरी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा घेत राहिले. वयाबरोबर लघुदृष्टी कमी झाली, पण दोन दिशांमधला फरक फारसा हटला नाही. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी त्याच डोळ्याविषयी टिपण लिहिले. २ जानेवारी १८९२ रोजी ग्रीनिच येथे त्यांचे निधन झाले. दफन मात्र मामांच्या प्लेफर्डला झाले. फुलरने ती काच घासली ते इप्सविच तिथून जवळच आहे.