वेदनारहित दंतोपचाराचे जनक : होरेस वेल्स

दाढ काढायची म्हटली की आजही अनेकांच्या पोटात गोळा येतो. धरणगावात काय किंवा मुंबईत काय, आज डॉक्टर सुई देऊन आधी हिरडी बधिर करतात. 180 वर्षांपूर्वी मात्र रुग्णाला घट्ट धरून दाढ उपटली जाई. हे चित्र बदलण्यासाठी धडपडलेले दंतवैद्य म्हणजे होरेस वेल्स.

त्यांचा जन्म 1815 मध्ये अमेरिकेत झाला. हार्टफर्ड शहरात त्यांचा दवाखाना होता. 10 डिसेंबर 1844 रोजी तिथे हास्यवायूचा खेळ झाला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली, पण त्याला पत्ताच नव्हता. वेल्स यांनी ते हेरले. दुसऱ्याच दिवशी स्वतः तो वायू हुंगून त्यांनी जॉन रिग्ज यांच्याकडून आपलीच अक्कलदाढ काढून घेतली. दुखले नाही!

जानेवारी 1845 मध्ये बोस्टनला जाहीर प्रयोगात मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हुर्यो उडाली. पुढच्या वर्षी त्यांचे शिष्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर वापरून यश मिळवले. वेल्स स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करताना त्याच्या आहारी गेले. मानसिक तोल ढळला आणि 1848 मध्ये, अवघ्या 33 व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यांनी जीवन संपवले. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने 1864 मध्ये त्यांना या शोधाचे श्रेय दिले.

भूल दाढ काढतानाची वेदना थांबवते. नंतरची जखम भरते ती खड्ड्यात साकळलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे. ती निघाली तर हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. अशा वेळी डॉक्टर खड्डा धुऊन औषधी ड्रेसिंग ठेवतात. त्यात बहुधा लवंगेच्या तेलातील युजेनॉल असते. घरी मात्र खड्ड्यात लवंगतेल ओतू नये. त्याने हिरडी भाजते.

कापूस किंवा गॉज अर्धा तास दाबून धरा. पहिले 24 तास जोरात चुळा भरू नका, थुंकू नका. विडी, तंबाखू, मिसरी जखम भरेपर्यंत बंद. मऊ खिचडी खा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या करा. रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा ठणका वाढला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. वेदना सोसण्यात शौर्य नाही, हे वेल्स यांनी तेव्हाच ओळखले होते.