नेत्रहीन संशोधक जोसेफ प्लातो

साबणाच्या पाण्याचे फुगे उडविण्याचा खेळ आपणांपैकी कोणी खेळला नसेल? परंतु त्या क्षणभंगुर पडद्यांचे नियम एका नेत्रहीन प्राध्यापकाने शोधून काढले, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

जोसेफ प्लातो यांचा जन्म १८०१ साली ब्रुसेल्स येथे झाला. लहान वयातच ते पोरके झाले. तरी विद्येची कास त्यांनी सोडली नाही. डोळ्यांपुढील वस्तू दूर झाली तरी तिचा ठसा क्षणभर टिकतो, हा त्यांच्या आवडीचा विषय. १८२९ मध्ये लीज विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनी याच अभ्यासावर मिळविली. १८३२ मध्ये त्यांनी फिरत्या चकतीवरील चित्रे हलती भासविणारे साधन तयार केले. आजच्या चित्रपटाचे ते एक पूर्वज होय. १८३५ मध्ये ते बेल्जममधील गेंट विद्यापीठात प्राध्यापक झाले.

दैवगती अशी की, दृष्टीचा हा अभ्यासकच दृष्टीला मुकला. नेत्ररोग बळावून १८४३ मध्ये ते पूर्ण अंध झाले. तथापि त्यांचे प्राध्यापकपद कायम राहिले आणि संशोधनही थांबले नाही. प्रयोगाची आखणी ते स्वतः करीत. तारेच्या चौकटी साबण व ग्लिसरीन यांच्या द्रावणात बुडविणे आणि दिसेल ते बिनचूक सांगणे, हे काम पुत्र फेलिक्स, जामात व सहकारी करीत. त्या वर्णनावरून प्लातो अनुमान काढीत. तीन पडदे एका कडेवर मिळतात तेव्हा त्यांच्यामधील प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो, हा नियम असाच हाती आला. १८७३ मध्ये या संशोधनाचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नियमांची गणिती सिद्धता १९७६ मध्ये जीन टेलर या विदुषीने दिली.

प्लातो अंध झाले तेव्हा ते प्राध्यापक होते. घरचे आणि विद्यापीठातले हात त्यांच्या मदतीस आले. परंतु जो अंध वा अपंग विद्यार्थी प्रथमच प्रयोगशाळेच्या उंबरठ्याशी येतो, त्याच्यापाशी ना पद असते, ना मदतनीस. आपल्या देशात २०१६ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांची दारे त्याला खुली केली आहेत. पण चाकाच्या खुर्चीला पुरेल असे दार, बसून हात पोचेल असे टेबल, बोटांनी वाचता येतील अशी मापे आणि दिसेल ते प्रामाणिकपणे सांगणारा सोबती, हे सारे कायद्याच्या कागदातून आपोआप येत नाही. विद्यार्थिमित्रहो, यांतील शेवटची गोष्ट तर आपल्याच हाती आहे.